शिक्षा आणि शिक्षण

मराठी आणि हिंदी या दोन भाषांची लिपी एक, शब्दसंपत्तीही बरीचशी सामाईक. त्यामुळे एकीतून दुसरीत जाणारा माणूस निर्धास्त असतो आणि नेमका तेथेच फसतो. काही वर्षांपूर्वी झारखंडहून आमच्याकडे आलेल्या एका तरुण ब्रदरांना मिस्सानंतर दोन शब्द बोलण्याची संधी दिली होती. मराठी ते नव्यानेच शिकत होते. आईबापांना त्यांनी कळवळून सांगितले, की पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना उत्तम शिक्षा द्या. मुलींना तर मुलांहून कांकणभर अधिकच द्या. मागच्या बाकांवरील मुलामुलींचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे झाले होते.

ब्रदरांना अर्थातच शिक्षण म्हणावयाचे होते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० साली बदलले, तेव्हा हिंदीत ते 'शिक्षा मंत्रालय' झाले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणून ओळखला जातो. मराठी माणसाने हे नाव प्रथमच वाचले, तर शिक्षा भोगण्याचाही हक्क असतो की काय, अशी त्याला शंका यावी. गंमत अशी, की त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

बंगाली आणि नेपाळी या भाषा या बाबतीत हिंदीच्या पंक्तीला बसतात. उलट कानडी, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत हा शब्द दंडाच्या अर्थाने चालतो. मराठी येथे दक्षिणेची सोबतीण आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत तेलुगू आणि कानडी मुलखांबरोबर एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात, नांदत होता. आमच्या कानांना हे सख्य नवे नाही. मराठीने एक व्यवस्था केली. एकाच धातूपासून निघालेले दोन शब्द तिने वाटून टाकले. शिक्षण शाळेला दिले आणि शिक्षा न्यायालयाला व तुरुंगाला दिली. परंतु मधली भिंत फारशी जाड नाही. कुणाचा सूड घ्यावयाचा असला की आपण 'त्याला चांगला धडा शिकवीन' असेच म्हणतो.

येथवर ही नुसती शब्दांची मौज झाली. मला त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो धर्मग्रामातील घराघरांत रोज विचारला जातो. शिक्षेने माणूस शिकतो काय? शिक्षण आणि शिक्षा ही खरोखरच एका रक्ताची भावंडे आहेत, की एकाने दुसऱ्याचे नाव बळकावले आहे?

शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहू. मराठीतील 'शिकणे' हे क्रियापद प्राकृतातील सिक्ख या रूपावरून आले आणि ते संस्कृतातील शिक्ष् या धातूवरून. धातुपाठात शिक्ष् हा विद्या ग्रहण करणे या अर्थाचा स्वतंत्र धातू म्हणून दिलेला आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ शक् या धातूच्या इच्छार्थक रूपात पाहतात, आणि पाणिनीच्या सूत्रांनीही ते रूप सिद्ध करता येते. शक् म्हणजे समर्थ असणे, करू शकणे. शक्ती, शक्य, अशक्त हे शब्द याच कुळातले. तेव्हा शिक्षा या शब्दाचा मूळ अर्थ होतो समर्थ होण्याची इच्छा, 'मला हे करता यावे' ही ओढ.

इच्छार्थक रूपांचे संस्कृतात मोठे गोत्र आहे आणि त्यातील कितीतरी शब्द आपण त्यांचे कूळ न जाणता वापरतो. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, मुक्त होऊ इच्छिणारा तो मुमुक्षू. आपल्या सिस्टर्स रुग्णालयांत जी शुश्रूषा करतात, तीही मुळात ऐकण्याची इच्छा आहे. रोग्याचे म्हणणे ऐकावेसे वाटणे, ही सेवेची पहिली पायरी. भिक्षा हा शब्दही भज् या धातूच्या अशाच रूपावरून आला असे मानतात. म्हणजे शिक्षा आणि भिक्षा या सख्ख्या बहिणी ठरल्या. गुरुगृही राहणारा ब्रह्मचारी सकाळी एकीसाठी हिंडे आणि दिवसभर दुसरीसाठी बसे. महाराष्ट्रात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या होऊन गेल्या. त्यांना हे नाते कुणी समजावून सांगावे लागले नसते.

या रूपाविषयी पाणिनीने एक अट घातली आहे आणि माझ्या मते सारा प्रश्न त्या अटीत सामावलेला आहे. इच्छा करणारा आणि ती क्रिया करणारा हे दोघे एकच असले पाहिजेत, तरच हे रूप साधते. देवदत्ताने पाणी प्यावे अशी यज्ञदत्ताची इच्छा असेल, तर तिला पिपासा म्हणता येत नाही. तहान ज्याची त्यालाच लागावी लागते. हाच नियम शिक्षेला लावून पाहा. मुलाला अपूर्णांक यावेत ही इच्छा बापाची असेल, मास्तरांची असेल, मुख्याध्यापकांची असेल, शिक्षण खात्याची तर असेलच. पण या सर्वांच्या इच्छांची बेरीज केली तरी व्याकरणाच्या हिशेबाने तिला शिक्षा म्हणता येणार नाही. मुलाला स्वतःला 'मला हे यावे' असे वाटले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाविषयी लिहिताना वैद्याचा दाखला घेतला आहे. वैद्य रोग्याला बरे करतो असे आपण म्हणतो, पण बरे होण्याचे काम रोग्याचा देहच करीत असतो. वैद्य त्याला बाहेरून साहाय्य करतो. त्याचप्रमाणे ज्ञानाचे मुख्य कारण शिकणाऱ्याच्या स्वतःच्या बुद्धीत असते आणि शिक्षक बाहेरून तिला हात देतो. तेराव्या शतकातील या धर्मपंडिताला पाणिनीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी दोघांचे बोट एकाच जागी टेकले आहे.

मग या शब्दात दंड शिरला कोठून? संस्कृतात शास् नावाचा आणखी एक धातू आहे. शासन, शास्त्र, अनुशासन, शिष्ट आणि शिष्य हे सारे त्याचे वंशज. शास् म्हणजे उपदेश करणे, आज्ञा करणे, राज्य करणे आणि शिक्षा करणेही. दंड खरे तर या घरचा. पण दोन्ही शब्दांचा आवाज जवळचा, दोघांचा वावर गुरुगृहातच. त्यामुळे कधीतरी अदलाबदल झाली असावी असे मला वाटते. शास् धातूपासून झालेला शिष्य हा शब्द काळाच्या ओघात मवाळ झाला, प्रेमळ झाला. प्रभू येशूच्या बारा जणांना आपण मराठीत त्याच नावाने ओळखतो. आणि शक् धातूपासून आलेल्या शिक्षेच्या हातात मात्र छडी आली. हे घडले कसे, याचा एक धागा क्रियापदांत सापडतो. 'शिकणे' हे शिकणाऱ्याचे काम आहे. त्याचे 'शिकवणे' झाले की कर्ता बदलतो. आणि 'देणे' जोडले, शिक्षण देणे, शिक्षा देणे, की शिकणारा वाक्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तेथे उभे करणे ही शाळेतील एक जुनी शिक्षाच आहे.

मराठवाड्यातील वृद्ध मंडळींना या संदर्भात आणखी एक शब्द आठवेल. निजामाच्या राज्यात शिक्षणाला तालीम म्हणत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. शाळांच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया, म्हणजे खालची, मधली आणि वरची. तालीम हा अरबी शब्द इल्म, म्हणजे ज्ञान, यावरून झाला. दुसऱ्याला जाणता करणे हा त्याचा अर्थ. मराठीने तोच शब्द उचलला आणि आखाड्यात नेऊन बसवला. आपल्या तालमीत कुस्ती शिकतात आणि नाटकवाले प्रयोगापूर्वी तालीम करतात. गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हा आसपासच्या मराठी खेड्यांतून नवा आखाडा निघाला असेच कित्येकांना वाटले असेल. तो समज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण त्या योजनेत चरखा होता, शेती होती, हातांना काम होते. आखाड्यातील पोराला माती अंगाला लावण्याची हौस असते. त्याला कुणी पाटीला धरून आणलेले नसते. मराठीने या परक्या शब्दाला जो अर्थ दिला, तो शक् धातूच्या अधिक जवळचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणि तरीही आमच्या याच शहरात, उर्दू बोलणाऱ्या घरांत आणि त्यांच्या शेजारच्या मराठी घरांतही, मुलाला मास्तरांच्या स्वाधीन करताना बाप म्हणे, गोश्त आपका, हड्डी हमारी. मांस तुमचे, हाडे तेवढी आम्हांला परत करा. हे बाप क्रूर नव्हते. शिक्षणाची किंमत मुलाच्या अंगावरून वसूल होते, असे त्यांना मनापासून वाटत असे.

आता या शहरातील एका विद्यालयाच्या नावाकडे वळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली तिचे महाविद्यालय येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. विद्यामंदिराला दानशूराचे, संताचे किंवा राजाचे नाव देण्याची आपली रीत. मिलिंदही राजाच होता, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. पण त्याची कीर्ती टिकली ती नागसेन नावाच्या भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांमुळे. म्हणजे हे नाव एका प्रश्न विचारणाऱ्याचे आहे.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात या संवादाच्या आरंभी एक प्रसंग येतो. राजाने चर्चेची इच्छा प्रकट केली तेव्हा नागसेनाने अट घातली, की पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. राजाने दोन्ही रीती कोणत्या ते विचारले. पंडितांच्या चर्चेत, भिक्षूने सांगितले, एक जण गुंता करतो, दुसरा तो सोडवतो. चूक दाखवली जाते, चूक मान्यही केली जाते. आणि त्यामुळे कुणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट ठासून सांगतात आणि जो मान्य करणार नाही त्याला दंड करा अशी आज्ञा सोडतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली आणि मगच संवाद सुरू झाला.

शिक्षण आणि शिक्षा यांच्यामधील सीमारेषा इतकी स्पष्ट आखलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. चूक दोन्हीकडे आहे. पंडितांच्या सभेतही चुका होतात, किंबहुना तेथे अधिक होतात. फरक चुकीचे पुढे काय करावयाचे, यात आहे. ज्या वर्गात चूक सांगता येते तो पंडितांचा वर्ग. ज्या वर्गात चूक लपवावी लागते तो राजाचा दरबार, मग भिंतीवर कितीही तक्ते लटकलेले असोत. बाबासाहेबांना हा दरबार चांगला ठाऊक होता. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. अपराध काही नसताना शिक्षा रोजची होती. त्यांच्या प्रसिद्ध त्रिसूत्रीतील पहिला शब्द इंग्रजीत 'एज्युकेट' असा आहे, म्हणजे कुणीतरी कुणाला तरी शिक्षित करावे. मराठीने त्याचे 'शिका' केले. कर्ता पुन्हा जागेवर आला. बौद्ध बंधू पंचशील ग्रहण करताना प्रत्येक शीलाला सिक्खापद म्हणतात आणि ते आपण होऊन स्वीकारतात. आमच्या मराठवाड्यातच नांदेडला ज्यांचे मोठे श्रद्धास्थान आहे, त्या शीख बांधवांच्या नावातही शिकणारा उभा आहे.

ग्रीक राजाचा उल्लेख आला, तेव्हा ग्रीक भाषेकडे जाणे ओघाने आले. पुण्याच्या सेमिनरीत आम्हांला थोडीफार ग्रीक शिकवली गेली. तिचा बराचसा भाग काळाने परत नेला, पण एक क्रियापद राहून गेले. (सेमिनरी म्हणजे लॅटिनमध्ये रोपवाटिका. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ही योजना सांगितली. रोपाला छडी मारून कुणी वाढवत नाही, हे त्या नावातच होते.) ते क्रियापद म्हणजे पायदेउओ. पाइस म्हणजे मूल, त्यावरून पायदेया म्हणजे मुलाची जडणघडण, शिक्षण, संस्कृती. ग्रीकांनी ज्या शब्दाचा सर्वाधिक अभिमान बाळगला, तो हा.

संत लूक यांनी प्रेषितांच्या कृत्यांत हे क्रियापद दोन ठिकाणी वापरले आहे. मोशेला मिसरी लोकांच्या सर्व विद्या शिकवल्या गेल्या, तेथे एकदा. संत पौल गमालियेलाच्या चरणांजवळ बसून शिकले, तेथे दुसऱ्यांदा. दोन्ही जागी अर्थ सरळ आहे. परंतु त्याच लूकच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, हे क्रियापद पिलाताच्या तोंडी येते. या माणसात मला काही दोष आढळला नाही, असे तो सुभेदार जमावाला सांगतो; आणि म्हणून, तो पुढे म्हणतो, मी त्याला पायदेउओ करून सोडून देतो. म्हणजे फटके मारून सोडतो. थोड्याच ओळींनंतर तो हेच पुन्हा म्हणतो. लॅटिन बायबलमध्ये पहिल्या ठिकाणी 'सुधारून' अशा अर्थाचा शब्द योजला आहे.

मत्तय, मार्क आणि योहान यांनी या प्रसंगी चाबकाचे सरळ शब्द वापरले आहेत. लूक यांनी सुभेदाराची सभ्य भाषा नोंदवून ठेवली. निर्दोष ठरवलेल्या माणसाच्या पाठीची सालटी काढावयाची आणि त्याला शिकवणे म्हणावयाचे! जमावाचे समाधान व्हावे, आपल्यावर बालंट येऊ नये, एवढाच त्या फटक्यांचा हेतू होता. फटके खाणाऱ्याने काय शिकावे हा विचार पिलाताच्या मनाला शिवलाही नव्हता. मला वाटते, शिक्षणाच्या नावाने जेव्हा जेव्हा हात उगारला जातो, तेव्हा पिलाताचा हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा: हे कुणाच्या समाधानासाठी चालले आहे? पुष्कळदा उत्तर मास्तरांच्या चिडीत सापडते, वर्गातील इतर चाळीस मुलांवरच्या धाकात सापडते, शेजाऱ्यांपुढे जाणाऱ्या आईबापांच्या लाजेत सापडते.

येथे बायबल जाणणारा वाचक मला अडवील. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो असे सांगितले आहे, आणि तेथेही हाच पायदेया शब्द आहे. नीतिसूत्रांत तर छडीचा कैवार उघडच घेतलेला आहे. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण ते पत्र कुणाला लिहिले आहे ते पाहावे. छळ सोसणाऱ्या, खचत चाललेल्या माणसांना ते लिहिले आहे. सोसणाऱ्याने आपल्या दुःखाकडे मागे वळून पाहावे आणि त्यात पित्याचा हात ओळखावा, ही त्याची विनवणी आहे. सोसणाऱ्याच्या हातातील हे सांत्वन मारणाऱ्याने उचलून परवाना म्हणून दाखवू नये. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू स्वतः जे सोसले त्यातून आज्ञापालन शिकले असे म्हटले आहे, आणि तेथील क्रियापद शिकणाऱ्याचे आहे. नीतिसूत्रांतील छडीचा हिब्रू शब्द तेविसाव्या स्तोत्रातही येतो. तेथे ती मेंढपाळाची काठी आहे आणि अंधाऱ्या दरीत मेंढराला तिचा धीर वाटतो.

संत पौलांनी गलतीकरांना लिहिताना नियमशास्त्राला पेडॅगॉग म्हटले आहे. ग्रीक घरांत मुलाला शाळेत पोहोचवणारा एक गुलाम असे, त्याचे हे नाव. जुन्या ग्रीक कलशांवरील चित्रांत त्याच्या हातात काठी दिसते. वाटेत मुलाने भरकटू नये म्हणून ती. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. ते दारापलीकडच्या गुरूचे. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना आज जी पेडॅगॉजी शिकवतात, ती या काठीवाल्या गुलामाच्या नावाने ओळखली जाते. काठी दाराबाहेर थांबावयाची होती. ती आत शिरली आणि खुर्चीवर बसली.

आमच्या धर्मग्रामातील एक माऊली आपल्या सातवीतील मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. मुलगा आठवडाभर शाळेच्या नावाने घरून निघे आणि रेल्वे रुळांच्या बाजूला बसून राही. ती म्हणाली, "फादर, ह्याला चांगली शिक्षा करा, त्याशिवाय हा शिकायचा नाही." दोन्ही शब्द एका वाक्यात. त्या वाक्यातील भीती मला आजही आठवते. मुलगा शिकला नाही तर तोही आपल्यासारखाच कंत्राटदाराच्या दारात उभा राहील, ही ती भीती होती. तिला निर्दयी म्हणणारा माणूस गरिबीशी अनोळखी असला पाहिजे.

मुलाला मी बाहेर चिंचेखाली नेऊन विचारले. अपूर्णांकांची गणिते चुकली की वर्गाबाहेर अंगठे धरून उभे राहावे लागे, येणारेजाणारे पाहत. गणित येत नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "घरी येतं, फादर. सर विचारतात तेव्हा जातं." याहून अधिक काही तो बोलला नाही.

शाळेशी काय बोलणे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. सांगण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्याचा मामा नळजोडणीचे काम करीत असे. सुट्टीच्या दिवशी तो भाच्याला हाताखाली नेऊ लागला. तेथे अर्धा इंची पाइप, पाऊण इंची एल्बो, सव्वा इंची, दीड इंची अशी भाषा. मुलाने पाऊण इंचीच्या जागी अर्धा इंची जोड आणला तर तो बसतच नसे. त्यासाठी कुणी ओरडण्याची गरज नव्हती. एकदा त्याने घाईने आवळलेला जोड पाणी सोडताच गळू लागला आणि पोरगा नखशिखांत भिजला. मामा हसला, पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, खोल, परत बसव. त्याने खोलला, परत बसवला. हळूहळू त्याचा हात बसला. 'हात बसणे' हा शब्दप्रयोग आपल्या कारागिरांचा आहे, आणि शक् धातूचे याहून सुंदर भाषांतर मला तरी ठाऊक नाही. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, पाउणकी आणि औटकी तोंडपाठ असत. त्यांच्या नातवाला पाव आणि पाऊण यांची ओळख मामाच्या पिशवीतील पितळेच्या जोडांनी करून दिली. पुढे शाळेतील गणितही त्याला जमू लागले. फार उत्तम नाही, पण जमू लागले.

भिजणे ही त्याला झालेली शिक्षा म्हणावी काय? मराठी अर्थाने नाही, कारण ती कुणी दिली नव्हती. चूक जोडात होती, ती जोडातच दिसली आणि जोडातच दुरुस्त झाली. अंगठे धरून उभे राहण्याचा अपूर्णांकाशी काय संबंध, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही.

याचा अर्थ दंड कधीच नसावा असा मी करीत नाही. दुसऱ्याचे डोके फोडणाऱ्याला आवरलेच पाहिजे. दुबळ्याचे रक्षण हे कर्तव्य आहे आणि त्यासाठी राज्याला बळ वापरावे लागते. माझा आग्रह इतकाच, की त्याला शासन म्हणावे, बंदोबस्त म्हणावे, शिक्षणाचे वस्त्र त्याला नेसवू नये. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही काही दंडांना औषधरूप दंड म्हटले आहे. माणूस परतला की तो दंड उठवावयाचा असतो. आणि शिक्षा या शब्दात शिकण्याचा कणभर अंश जरी शिल्लक असेल, तर फाशीची शिक्षा हे शब्दच एकमेकांना खोडून काढतात, कारण शिकावयाला कुणी उरतच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातील मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद बदलून तो दंड अस्वीकार्य ठरवला, तेव्हा मला व्याकरणाची आठवण झाली होती.

नाताळाच्या सुमारास आम्ही हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. तेथे शिक्षा ही वर्षांत मोजतात. ज्याचा खटला चालू आहे तो कच्चा कैदी, ज्याला शिक्षा झाली तो पक्का. पक्का होणे म्हणजे तेथे शिक्षा लागणे. बाहेर आपण अभ्यास पक्का झाला म्हणतो. त्या भिंतींच्या आड कुणी आपण होऊन पुस्तक उघडले, तर ते शिक्षेमुळे उघडले असे म्हणता येईल काय? महाराष्ट्रातील तुरुंगांचा इतिहास या बाबतीत विचार करावयास लावणारा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सरकारने दोघांनाही शिक्षा म्हणून तेथे ठेवले होते. एक शिक्षक होऊन बोलत होता आणि दुसरा, जो अमळनेरच्या शाळेत खरोखरच शिक्षक होता, तो विद्यार्थी होऊन लिहून घेत होता.

पुढच्याच वर्षी साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्यातील छडीचे गाणे घरोघर पोहोचले. पुस्तक न वाचलेल्यांनाही ते गाणे येते, हा योगायोग मला नेहमी खटकत आला आहे. त्या पुस्तकातील आई प्रसंगी मुलाला मारतेही, पण मुलाच्या आठवणीत राहिले आहे ते तिचे मारून झाल्यावरचे रडणे आणि जवळ घेणे. ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी गुरुजींनी लेखनास आरंभ केला. दिवसा तुरुंगाने नेमून दिलेले काम असे. लिहिणे रात्री आणि पहाटे. १३ तारखेच्या सोमवारी, पहाटे, ते लिहून पुरे झाले.